हिरीच्या नावाची सीट

भाद्रपद संपत आला होता तेव्हा आमच्या पाड्यावरून अकरा नावं लिहून नेली गेली. अकराही माणसं मेलेली होती. त्यात माझी आई होती.

नावं घ्यायला आलेल्या मुलीचं नाव निशिगंधा. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल, आणि पांढऱ्या बुटांना उधवा गावापासूनचा सगळा चिखल. ती आमच्या ओट्यावर बसली, पाणी मागून प्यायली आणि सांगू लागली. नवीन गाडी सुरू होणार. एसटीसारखी ठरल्या वेळेची नाही, फाट्यावरच्या टमटमसारखी भरल्याशिवाय न हलणारीही नाही. आदल्या दिवशी पाचच्या आत फोन करायचा. नाव सांगायचं, कुठं जायचं ते सांगायचं, कशासाठी ते सांगायचं. तीन नावं झाली की गाडी वर पाड्यापर्यंत येणार, चिंचेखाली थांबणार. तीन झाली नाहीत, तर खाली फाट्यावर. फाटा आमच्यापासून चार किलोमीटर, त्यातला अर्धा उतार.

सांगता सांगता ती मोबाइल आमच्या कुडाच्या भिंतीकडे धरून काहीतरी दाबत होती.

"हे काय करतेस बाय?" धोंडीकाकाने विचारलं. धोंडीकाका म्हणजे माझ्या बाचा चुलतभाऊ. त्याचं घर आमच्या घराला लागून.

"नकाशात घर टाकते काका. म्हणजे गाडीला कळेल कुठं यायचं."

"गाडीला कळंल. आणखी कोणाला कळंल?"

ती हसली. तिला वाटलं काका गंमत करतोय.

पाच वर्षांपूर्वी विजेच्या टॉवरच्या लाइनचे लोक आले होते. तेही ओट्यावर बसले होते, तेही पाणी मागून प्यायले होते. शाळेत मीटिंग झाली, चहा झाला, हजेरीच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे झाले. वर्षभराने तीच पानं जमिनीच्या संमतीला जोडून निघाली. धोंडीकाकाच्या खाचरात आता टॉवरचे चार पाय उभे आहेत, पावसात ते गुणगुणतात. त्या कागदावर तिसरी सही माझी होती. मी डहाणूला कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. लोकांनी माझ्याकडे बघितलं होतं आणि मी ते पान वाचून मग सही केली होती. त्या पानावर खरोखरच फक्त 'हजेरी' लिहिलेलं होतं.

निशिगंधा पाणी भरून घ्यायला विहिरीकडे गेली तेव्हा काका म्हणाला, "गाडी पायजे. नको कोण म्हणतो? पण जित्या माणसाचं नाव द्यायचा नाय. मेलेल्याचं काय घेतील?"

कोणीतरी हसलं. मग कोणी हसलं नाही. काकाने आपल्या आईचं नाव दिलं, बायजी. ती जाऊन वीस वर्षं झाली होती. समोरच्या घरातल्या सुनिताने नवऱ्याचं दिलं, दौलत. तो दोन पावसाळ्यांपूर्वी गेला होता. बा थोडा वेळ विडी न पेटवता तशीच हातात फिरवत बसला आणि म्हणाला, "हिरी लिही." नंबर त्याने स्वतःचा दिला.

निशिगंधाने विचारलं, "हिरीबाई कुठायत?"

"रानात," बा म्हणाला.

मी तिथेच उभी होते. 

*

नवरात्रात हळवं भात कापायला आलं. भाऊ सुदाम वापीला कारखान्यात, त्याला सुट्टी नव्हती. चिमीवहिनी आणि बा दोघंच कापत होते. मी शनिवार-रविवारची आलेली, दुपारचं जेवण घेऊन खाचरावर गेले तेव्हा बा बांधावर बसून आपला डावा पाय बघत होता. कुंपणाची ओली कारवी तिरकी तोडलेली राहिली होती, तिचा खुंट टाचेच्या पुढे आरपार घुसला होता. त्याने तो स्वतःच उपसून काढला होता. रक्त फारसं नव्हतं. त्यावर त्याने चुना आणि तंबाखू दाबली होती.

"दुखतंय का?"

"दुखत असता तर बरा," तो म्हणाला.

त्याच्या रक्तात साखर होती. पायांना दोन वर्षांपासून काही कळत नसे. निखारा तळव्याखाली आला तरी वास आल्यावर समजायचं.

चौथ्या दिवशी पाय सुजून चकाकला. मी डहाणूहून परत आले आणि बाला तलासरीला सरकारी दवाखान्यात नेलं. सुदामच्या मित्राच्या मोटरसायकलवर, दोघांच्या मध्ये बसवून. डॉक्टरांनी जखम उघडून धुतली, दोन्ही बाजूंनी गॉज भरलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं. दिवसाआड ड्रेसिंग. एकही चुकवायचं नाही. पाय जमिनीला टेकवायचा नाही. चुकवलं तर पाय जाईल, आणि पायावर थांबेल याची खात्री नाही.

मी कॉलेजला रजेचा अर्ज पाठवला आणि गाडीचा नंबर लावला.

फोनवर एक बाई होती. बाचा नंबर बघून तिनेच विचारलं, "हिरीबाई का? कुठं जायचंय?"

फोन स्पीकरवर होता. बा खाटेवरून म्हणाला, "निघायच्या आधी कुठं विचारतात का कोणी? ही कसली रीत?"

आमच्याकडे घराबाहेर पडणाऱ्याला कुठं चाललास म्हणून विचारत नाहीत. विचारलं तर माणूस मागे फिरतो, पाणी पितो आणि मग निघतो. मी फोनमध्ये सांगितलं, "दवाखाना." आणि तीन नावं दिली. हिरी, बायजी, दौलत. हिरीच्या नावावर बा. बायजीच्या नावावर मी, आणि दौलतच्या नावावर सुनिता, तिला बाजार होता. धोंडीकाकाला मी विचारलं नव्हतं.

गाडी आली. पांढरी, सात सीटची, चिंचेखाली येऊन थांबली. ड्रायव्हर विनोद तलासरीचा. खाली उतरला, मोबाइलमध्ये बघून मोठ्याने हाक दिली, "हिरीबाई! चालो, हिरीबाई!"

झोडणीचा आवाज थांबला. सगळ्या पाड्यावर थांबला. आमच्यात गेलेल्या माणसाला, त्याचे दिवस झाल्यावर, दारातून नावाने हाक मारत नाहीत. कुठून ऐकू आली तरी ओ देत नाहीत.

बाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, एका पायावर उभा राहिला आणि म्हणाला, "आलो."

चिमीवहिनी दारात होती. तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "बा, आयच्या नावानं हाक मारली अन् तुम्ही ओ दिलीत?"

"तिला एका कानानं ऐकू येत नव्हता," बा म्हणाला. "तिला हाक मारली की मीच ओ द्यायचो. आता काय नवीन?"

विनोदने त्याच्याकडे बघितलं, मोबाइलकडे बघितलं. "हिरीबाई तुम्ही?"

"तुझ्या गाडीत बाईची सीट वेगळी हाय का?"

विनोद हसला आणि त्याने पुढचं दार उघडलं. पुढची सीट मागे सरकवली, म्हणजे बाला पाय लांब करता येईल. नंतर प्रत्येक वेळी त्याने ती आपणहून सरकवली.

*

दुसऱ्या खेपेला विनोदने दौलतच्या नावाने हाक दिली तेव्हा दौलतची म्हातारी आई घरात होती. पहिल्या दिवशी ती नाचणी कापायला गेलेली. ती धावत ओट्यापर्यंत आली, चिंचेकडे बघत उभी राहिली. सुनिता पिशवी घेऊन गाडीत चढत होती.  त्या दिवशी म्हातारी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सुनिता मला विहिरीवर म्हणाली, "मी नाय येणार गं ताई. तू नाव घाल पायजे तर. मी बसणार नाय."

धोंडीकाकाही आला. ओट्यावर न बसता उभाच राहिला.

"माझ्या आयला गावभर हाका मारवतेस?"

"काका, तीन नावं लागतात. नावं तर तूच—"

"लिवून ठेवायला दिली. बोंबलायला नाय दिली."

"मग मी माझं खरं नाव देते. बाचं देते."

"दे. मग ती बाई विचारंल, आधीची अकरा कोण? सांग तिला. सगळ्या पाड्याचा सांग. तू शिकलेली हायस, तुला कागद कळतात." तो वळला आणि ओट्याची पायरी सोडून बाजूलाच पाय टाकला, अडखळला, सावरला. "पायरी कोणी हलवली?" असं काहीतरी बडबडत गेला. पायरी तिथेच होती.

मी खरं नाव दिलं नाही. तीच तीन नावं देत राहिले. हिरीच्या सीटवर बा, बायजीच्या सीटवर मी, आणि दौलतची सीट रिकामी. विनोद म्हणायचा, "ताई, मला गैरहजर टाकायला लागतं हां. माझ्या हातात नाय." मला वाटलं, टाकू दे. रिकाम्या सीटने कोणाचं काय जातं?

तिसऱ्या रिकाम्या सीटनंतर मी फोन केला तेव्हा ती बाई म्हणाली, "तुमच्या पाड्याचे प्रवासी तीनदा गैरहजर. आता गाडी वर येणार नाही, फाट्यावर यायचं."

"पेशंट आहे. पाय टेकवता येत नाही."

"पेशंटचं नाव?"

"चैत्या."

"या नावाची नोंद नाही मॅडम."

"हिरी. हिरीच्या नावावर असेल."

"हिरीबाईंच्या सीटवर पुरुष बसतात असा ड्रायव्हरचा शेरा आहे. मॅडम, खरं नाव सांगा. कोण आहेत हे? बायजी कोण? वरच्या साहेबांनी या पाड्याची सगळी यादी तपासायला सांगितली आहे."

तिचा आवाज बदलला होता. आतापर्यंत आम्ही त्यांच्यावर संशय घेत होतो. आता ते आमच्यावर घेत होते, आणि त्यांच्याकडे कारण होतं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. टॉवरखालून जाणाऱ्या धोंडीकाकाच्या डोक्यावरचा भारा मला दारातून दिसत होता. मी फोन ठेवला.

बा खाटेवर होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "फाट्यापर्यंत मी जाईन," एवढंच म्हणाला.

*

तो जाऊ शकत नव्हता. एक ड्रेसिंग चुकलं. सुदामच्या मित्राची मोटरसायकल दुरुस्तीला होती, फाट्यावरचे टमटमवाले वर यायला तयार नव्हते. दुसऱ्या वेळी झोळी केली. गोधडी, दोरी आणि दोन लांब बांबू. पुढे दोघे, मागे दोघे. बाची झोळी उचलायला धोंडीकाका न बोलावता आला. कापणी टाकून आला होता, विळा कमरेलाच होता.

झोळीत बा मान वर करून बसायचा प्रयत्न करत होता. वाटेत भेटणाऱ्या बायका बाजूला होत होत्या. एरवी त्याच वाटेवरून तो पाठीवर भाताचं पोतं घेऊन गेलेला. त्याने टोपी काढून तोंडावर घेतली.

उताराला ओहोळ लागतो. पाणी घोट्याइतकंच होतं. धोंडीकाका पुढच्या डाव्या बाजूला होता. त्याने ओहोळातला दगड बघितलाच नाही. गुडघ्यावर आपटला, बांबू खाली गेला, आणि बाचा पाय पाण्यात आणि दगडावर आदळला. बाला दुखलं नाही. गॉजवरून पाणी वाहत होतं, पिवळट.

"डोळे कुठं हायत तुझे?" मागचा माणूस ओरडला.

"सूर्य डोळ्यावर आला," काका म्हणाला.

सूर्य आमच्या पाठीमागे होता. बाने टोपी तोंडावरून काढली आणि काकाकडे बराच वेळ बघत राहिला. मग पुन्हा तोंड झाकून घेतलं.

फाट्यावर पोचून टमटम मिळाली तेव्हा दहा वाजून गेले होते. डॉक्टरांनी जखम उघडली आणि बोटाने नडगीवर दाबत वर वर गेले. प्रत्येक ठिकाणी कातडीखाली काहीतरी कुरकुरत होतं, तांदळाच्या भुश्यासारखं. ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

मोठ्या दवाखान्यात लगेच न्या म्हणाले, पण सुदाम आल्याशिवाय बा जाईना. घरी दोन दिवस त्याला ताप होता. त्यातल्या एका दुपारी मी आणि वहिनी खळ्यावर होतो. भारे झोडायचे राहिले होते. परत आले तेव्हा फोन बाच्या उशाशी होता, एरवी तो खिळ्याला अडकवलेला असे.

"कोणाचा फोन होता?"

"माझाच," तो म्हणाला. "पाणी दे."

सुदाम आल्यावर पाय कापायचा म्हणून त्याला पुढच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.  कापायच्या आदल्या सकाळी, मी चहा आणायला खाली गेले असताना, बा गेला. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. उशीर त्यांचा नव्हता.

त्याला पाड्यावर आणलं तेव्हा गाडी चिंचेपर्यंत आली. भाड्याची होती. तिला कोणाचं नाव सांगावं लागलं नाही.

*

दिवस झाले. सुदाम परत वापीला गेला. मी रजा वाढवली. गरवं भात अजून उभं होतं आणि वहिनी एकटी होती. एका संध्याकाळी खिळ्यावरचा बाचा फोन वाजून थांबला. मेसेज होता. पडताळणी पूर्ण. नोंद मंजूर. तुमच्या पाड्याची सेवा पुन्हा सुरू. उद्या सकाळी नऊ, चिंच.

मी तो दोनदा वाचला. मी कोणालाही फोन केलेला नव्हता. वहिनीलाही काही माहीत नव्हतं. मला पहिल्यांदा जे वाटलं ते सांगते. मला वाटलं, यादी तपासली आणि आता कोणीतरी कागद घेऊन येतंय.

नऊला पांढरी गाडी चढ चढून आली. विनोद उतरला. धोंडीकाका समोर आपल्या खाचरात कापत होता. वाकून, डावा हात आधी पुढे करून, ताटं चाचपून, मग विळा घालत. तो असा कापतो हे मी इतके दिवस बघत होते आणि बघत नव्हते.

विनोदने मोबाइल वर धरला. "प्रगती!"

ते माझं नाव. पाड्यावर ते असं मोठ्याने कोणी घेत नाही, मला सगळे बाय म्हणतात. मी पुढे झाले.

"चैत्याकाका!"

झोडणी थांबली. वहिनीने पदर तोंडाला लावला.

"धोंडीकाका!"

काका उठून उभा राहिला. विळा हातात घेऊन बांधावरून सरळ आला, पायाने बांध चाचपत. जवळ आला तेव्हा त्याच्या उजव्या डोळ्यातला पांढरा टिपका मला दिसला. डाव्यातही होता.

"माझं नाव कोणी दिला?"

विनोद एक पाऊल मागे सरला. "काका, मी फक्त वाचतो."

"कोणी दिला विचारतो. हिनं?"

"नाय. चैत्याकाकांनी. त्यांनीच फोन केलेला. मी तेव्हा ऑफिसात होतो, बाई स्पीकरवर बोलत होती. म्हणाले, आधीची अकरा नावं खोटी, ती मीच दिली, बाकी कोणाचा दोष नाय. आता तीन खरी लिहा." विनोदने इकडेतिकडे बघितलं. "काका कुठायत?"

 वहिनी म्हणाली, "महिना होत आला."

विनोदने मोबाइल खाली घेतला. काही वेळाने म्हणाला, "मला कोणी सांगितलं नाय ताई. इकडं वर गाडीच नव्हती."

धोंडीकाका गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होता. कागदाची वाट बघत असावा तसा. "कुठं जायचा लिवलाय माझ्यापुढं?"

"दवाखाना."

"मला काय झालाय?"

विनोदने वाचलं. "डोळे."

 विळ्याचं टोक काकाने अंगठ्याने हळूहळू पुसलं, गवत निघून गेलं तरी पुसत राहिला. "ओहोळातच बघितला त्यानं," असं म्हणाला. मग वहिनीकडे विळा दिला, धार आपल्याकडे ठेवून. डोक्याचा फडका सोडून तोंड पुसलं आणि गाडीत मागे चढला. चढताना पायरी चुकली. मी हात दिला नाही, त्याला तो आवडला नसता.

मी त्याच्या शेजारी बसले. विनोद आत आला, पण गाडी सुरू करेना.

"ताई, चैत्याकाकांना काय टाकू? गैरहजर टाकलं तर दोनच होतात. पहिल्याच खेपेला दोन झाले तर पाडा परत फाट्यावर."

मी तोंड उघडलं. मला खरं सांगायचं होतं, त्याने जसं सांगितलं होतं तसं. एक नाव मेलेलं आहे म्हणून.

"हजर टाक," धोंडीकाका म्हणाला.

विनोदने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने बोटाने टिक केलं, आणि मग, सवयीने, पुढची रिकामी सीट मागे सरकवली. ती माझ्या गुडघ्यांना येऊन टेकली. मी पाय आत घेतले.

त्यांच्या नोंदीत माझा बाप त्या गाडीतून एकदाच गेला आहे, त्या सकाळी. त्याआधीच्या पाच खेपा माझ्या आईच्या आहेत.